जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो, पुढे रस्ता आहे की नाही ते नाही! गाडी आणि ट्रेकसाठी नेमकं काय घ्यावं, कसं वापरावं?

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यातल्या पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात शिरली. मोबाईलवरच्या मॅपने दाखवलेल्या रस्त्यावर पूल होता खरा, पण तो पाण्याखाली गेला होता. गाडीतले दोघं कसेबसे बाहेर आले, एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून एक गाडी खाली कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. तिथेही मॅपवर रस्ता सरळ दिसत होता.

अशी बातमी आली की आपण लगेच म्हणतो, "जीपीएस चुकला." पण या दोन्ही ठिकाणी जीपीएस चुकला नव्हता. चुकला होता तो नकाशा. हा फरक ज्याला कळला, त्याला कोणतं उपकरण घ्यावं आणि त्यावर किती विश्वास टाकावा, हे दोन्ही प्रश्न सोपे जातात.

जीपीएस वेगळा, मॅप वेगळा

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा आहे. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून तिचे तीसेक उपग्रह पृथ्वीभोवती फिरतात आणि सतत एकच काम करतात: आत्ता किती वाजलेत आणि मी कुठे आहे, हे ओरडून सांगायचं. तुमचा फोन हे फक्त ऐकतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून तो प्रत्येक उपग्रहापासूनचं अंतर काढतो. जागा पक्की करायला किमान चार उपग्रह लागतात. तिघांवरून जागा ठरते आणि चौथ्यामुळे फोनच्या साध्या घड्याळातली चूक दुरुस्त होते. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरची चूक!

मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. पण तो सांगतो फक्त अक्षांश-रेखांश. तिथे रस्ता आहे, पूल आहे की दरी आहे, हे सांगतो नकाशा. आणि नकाशा माणसांनी, उपग्रह-चित्रांवरून किंवा लोकांच्या फोनच्या हालचालींवरून बनवलेला असतो. पूल वाहून गेला, धरणाचं पाणी वाढलं, घाट बंद झाला, हे नकाशाला कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

नेटवर्क गेलं तर जीपीएस बंद पडतो का?

नाही! हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. उपग्रहाचा सिग्नल पकडायला सिम कार्ड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र, ट्रॅफिक आणि नवा मार्ग आणायला. इंटरनेट असेल तर जागा जरा लवकर सापडते, एवढंच. म्हणूनच नेटवर्क गेल्यावर निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण आजूबाजूला सगळा करडा पडदा दिसतो.

उपाय सोपा आहे. घरच्या वायफायवर तो भाग ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. मात्र लक्षात घ्या, गुगल मॅप्स ऑफलाइन असताना गाडीचा मार्ग दाखवतं, पायी चालण्याचा नाही. ट्रेकला त्याच्या भरवशावर निघालात तर फसाल.

गाडीसाठी काय घ्यावं?

बहुतेकांना वेगळं उपकरण घ्यायची गरजच नाही. फोन, डॅशबोर्डवर घट्ट बसणारा होल्डर आणि चांगला कार चार्जर एवढं पुरतं. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर आणखी उत्तम. गुगल मॅप्ससोबत मॅपल्स हे भारतीय ॲपही ठेवा. उड्डाणपुलाच्या तोंडाशी "वर जायचं की खालून?" हा गोंधळ होतो, तिथे त्यातलं चौकाचं चित्र कामाला येतं.

ऑनलाइन 'कार जीपीएस' म्हणून शोधलं तर बऱ्याचदा समोर येतो तो ट्रॅकर. तो रस्ता दाखवत नाही. गाडी कुठे आहे हे मालकाच्या फोनवर कळवतो, आणि त्यासाठी त्यात सिम आणि रिचार्ज लागतो. चोरीची भीती असेल तर तो घ्या, रस्ता शोधायला नको.

वापरताना तीन गोष्टी पाळा:

- पत्ता गाडी सुरू करण्यापूर्वी टाका. २०२० मध्ये बदललेल्या नियमांनुसार चालवताना फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरता येतो. हातात फोन धरून बोललात तर दंड आहे.
- निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग एकदा बोटाने सरकवून पाहा. दहा मिनिटं वाचवायला मॅप तुम्हाला हायवेवरून उतरवून गावातल्या कच्च्या रस्त्यावर नेतोय का? रात्री आणि पावसाळ्यात असा शॉर्टकट सरळ नाकारा.
- समोर पाणी, मातीचा ढिगारा किंवा बॅरिकेड दिसलं तर थांबा. मॅप काहीही म्हणो, काचेतून जे दिसतं तेच खरं. चहाच्या टपरीवर विचारलेला एक प्रश्न इथे कोणत्याही ॲपपेक्षा भारी ठरतो.

ट्रेकसाठी फोन पुरेसा आहे का?

एक दिवसाचा, मळलेल्या वाटेचा ट्रेक असेल तर पुरतो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही ॲप्स पूर्ण नकाशा फोनमध्ये उतरवून घेतात आणि त्यात पायवाटाही असतात. आधी जाऊन आलेल्या कुणाचा ट्रॅक मिळाला तर जीपीएक्स फाइल म्हणून त्यात टाकता येतो. चालताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. सतत टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते आणि बहुतेक फोनवर जीपीएस चालूच राहतो. पॉवर बँक मात्र हवीच.

वेगळं हँडहेल्ड उपकरण कुणी घ्यावं? दोन-तीन दिवसांचे ट्रेक करणाऱ्यांनी, घाटवाटा धुंडाळणाऱ्यांनी आणि ग्रुप घेऊन जाणाऱ्या लीडरने. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतली काही मॉडेल्स दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतात. ईट्रेक्स २२एक्सला कंपनी २५ तासांपर्यंतची बॅटरी सांगते. सेल संपले की नवे टाकले, काम झालं. शिवाय बटणं असतात. भर पावसात, ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवायचा प्रयत्न ज्याने केलाय त्याला बटणांची किंमत वेगळी सांगायला नको.

घेताना या गोष्टी तपासा: पाण्यापासून संरक्षण, बॅटरी बदलता येते का, भारताचा पायवाटांसह नकाशा टाकता येतो का, आणि जीपीएसशिवाय रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ किंवा आपली नाविक यांपैकी कोणत्या यंत्रणा चालतात. इस्रोची नाविक भारत आणि सीमेपलीकडे सुमारे १,५०० किमीपर्यंतच्या भागासाठी बनवलेली आहे. आकाशात जितके जास्त उपग्रह दिसतील तितकं बरं, कारण डोंगरात आकाशच कमी दिसतं.

सह्याद्रीत जीपीएस कुठे फसतो?

पहिली जागा म्हणजे अरुंद घळी आणि नाळा. सांदण दरी किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना कडे असतात. सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोहोचतो, फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि ठिपका भलतीकडे उडी मारतो. अशा वेळी ठिपक्यामागे धावू नका. जरा मोकळ्या जागी येऊन दोन मिनिटं थांबा.

दुसरी फसगत सरळ रेषेची. स्क्रीनवर 'किल्ला ६०० मीटर' दिसतं, पण ते हवाई अंतर असतं. मध्ये कडा असेल तर तेच अंतर तीन तासांचं होतं. म्हणून सरळ बाणाच्या मागे न जाता ट्रॅक धरून चाला, आणि नकाशावर उंचीच्या रेषा दाट झाल्या की समजा, पुढे उभा चढ किंवा कडा आहे.

तिसरी फसगत आकड्यांची. १८.५० अंश म्हणजे १८ अंश ५० मिनिटं नव्हे, तर १८ अंश ३० मिनिटं! हा गोंधळ अक्षांशात झाला तर जागा सुमारे ३७ किमी चुकते. मदतीसाठी लोकेशन कळवताना ही चूक महागात पडेल.

सॅटेलाइट मेसेंजर मागवताय? थांबा

नेटवर्क नसतानाही उपग्रहातून मेसेज पाठवणारी उपकरणं परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास दिसतात. भारतात ती परवान्याशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर असं उपकरण सोबत असलेल्या परदेशी पाहुणीवर कारवाई झाली. परदेशातल्या नातेवाइकांना "येताना घेऊन या" म्हणण्यापूर्वी हे लक्षात असू द्या.

निघण्याआधी एवढं कराच

- ऑफलाइन नकाशा आणि ट्रॅक उतरवला की घरीच इंटरनेट बंद करून उघडतो का ते पाहा.
- ट्रेकच्या सुरुवातीला, गाडी लावली तिथेच एक खूण साठवा आणि ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करा. धुक्यात वाट चुकली तर आल्या वाटेने परत फिरणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग असतो.
- मार्ग आणि परतायची वेळ घरच्यांना लिहून पाठवा.
- अडकलात तर ११२ ला फोन करा. इंटरनेट नसेल तर अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसने पाठवा, आणि मग जागा सोडू नका.
- अनोळखी घाटवाटेला गावातला वाटाड्या घ्या. यंदाच्या पावसात कोणती वाट ढासळली, हे उपग्रहाला दिसत नाही, त्याला माहीत असतं.

पुढच्या ट्रेकचा ग्रुप बनला असेल तर ही माहिती तिथे नक्की पाठवा. आणि ग्रुपमधल्या निदान दोघांच्या फोनमध्ये नकाशा उतरवलेला आहे ना, हे आजच विचारून घ्या.