आई आली की बरा होणारा माउस

“मामा, माउस परत गेला,” भाचा फोनवर म्हणाला. ‘परत’ म्हणजे दुसऱ्यांदा. पहिला वायरलेस होता. तो दुकानदाराने नुसता हातात घेऊन बाद ठरवला. मग वायरचा आला, सोबत अर्धं टेबल व्यापणारं माउसपॅड आलं, आणि कर्सर होता तसाच राहिला. हात पुढे गेलेला, बाण मागून फरफटत येणारा. शनिवारी नाशिकला ताईकडे जेवायला जायचंच होतं, त्यात हेही काम आलं.

असल्या तक्रारीत माझा पहिला संशय डोंगलवर असतो. यूएसबी ३.० च्या पोर्टातून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, आणि बहुतेक वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतात. एक्स्टेंशन वायर लावून डोंगल फूटभर लांब नेलं की पुष्कळदा भागतं. पण इथे वायरचा माउसही तेच करत होता, म्हणजे डोंगल निर्दोष सुटलं. पोलिंग रेट पाहिला, तो १००० हर्ट्झ. म्हणजे माउस दर मिलिसेकंदाला आपला ठावठिकाणा कळवतोय. प्रोसेसर निवांत. मी खुर्चीत बसून कर्सर गोल गोल फिरवला. लोण्यावरून सरकावा तसा सरकला.

“बघ, तू आलास की नीट चालतो!” भाचा वैतागला. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मी उठलो. म्हटलं, तू रोज जे करतोस ते कर, मी मागे उभा राहतो.

त्याने मित्रांशी कॉल जोडला आणि कोपऱ्यातल्या एका खिडकीत शेतीचा साधासा गेम उघडला. कोबीचे वाफे, कुंपण, दोन-चार गाई. लगेच “बघ, बघ!” तेवढ्यात ताई पोळ्यांचं विचारायला आत आली, गेमची खिडकी झटकन खाली गेली, आणि कर्सर बरा झाला. ताई गेली, खिडकी वर आली, कर्सर पुन्हा आजारी. हे रोज घडत होतं. पण आई आत आल्यावर कर्सरकडे बघतंय कोण?

आता पुरावा हवा होता. माझ्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारं स्लो मोशन आहे. ते स्क्रीनवर धरलं, त्याला कर्सर फिरवायला लावलं आणि मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजत बसलो. गेम खाली असताना बाण फार तर दोन चित्रांत एका जागी सापडे, तिसऱ्यात निसटलेला. गेम वर असताना चार चित्रं तिथेच, मग एकदम उडी, पुन्हा चार. २४० भागिले ४, म्हणजे ६०. मॉनिटरच्या मेन्यूत चालू रिफ्रेश रेट दाखवायची सोय होती, ती सुरू केली. कोपऱ्यात आकडा आला, १६५. गेमच्या खिडकीवर क्लिक केलं. ६०.

गेम ६० एफपीएसला बांधलेला होता आणि मॉनिटर त्याच्या तालावर चालत होता. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक आहेच त्यासाठी. एरवी मॉनिटर आपल्या ठेक्याने पडदा रंगवत राहतो. मधेच नवं चित्र आलं की वरचा भाग जुना, खालचा नवा, आणि चित्र फाटल्यासारखं दिसतं. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं, २०१४ मध्ये व्हेसाने डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक घातलं, आणि ठेका ग्राफिक्स कार्डाच्या हाती गेला. चित्र तयार होईपर्यंत मॉनिटर थांबतो. भाच्याच्या मॉनिटरचा पल्ला ४८ ते १६५ हर्ट्झ.

यात कर्सर का अडकावा? तो सहसा गेमच्या किंवा डेस्कटॉपच्या चित्रात रंगवलेलाच नसतो. चित्र मॉनिटरकडे रवाना होताना हार्डवेअर तो वरून ठेवतं, देवाच्या फोटोवर फूल ठेवावं तसा. पण फोटोच आला नाही तर फूल ठेवायचं कशावर? १६५ हर्ट्झला बाणाची नवी जागा ६ मिलिसेकंदांत दिसते. इथे गेमचं पुढचं चित्र येईपर्यंत १६.७ मिलिसेकंद जात होते. तेवढ्यात माउसने सोळा-सतरा हाका मारलेल्या, पडद्यावर पोचली ती शेवटची. आणि बाद ठरला माउस, तोही दोनदा!

६० हर्ट्झवर आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, कुणाचं काही अडलं नाही. पण हाताला १६५ ची चटक लागली की ६० चा बाण चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. नेमबाजीच्या गेममध्ये भाच्याला हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे चित्रं दीडशेच्या आसपास येतात.

इलाज एका क्लिकचा निघाला. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिंक फुल स्क्रीन आणि खिडकी, दोन्हींसाठी चालू होतं; ते नुसतं फुल स्क्रीनवर आणलं. आकडा १६५ वर खिळला, कर्सर सुटला.

भाच्याने दोन मिनिटं शेतात चक्कर मारली आणि म्हणाला, “मामा, आता गाय अडखळते.”

खरंच अडखळत होती. १६५ ला ६० ने पुरता भाग जात नाही. गाईचं एक चित्र दोन ठेके टिकतं, पुढचं तीन, आणि चाल लंगडी होते. डेस्कटॉप १२० वर ठेवू, म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा, असं मी सुचवलं.

“मग १६५ चा कशाला घेतला?”

शेवटी गाय लंगडू द्यायची ठरली. बाहेरून ताईची पावलं ऐकू आली आणि खिडकी खाली गेली.