कोजागरीच्या जागराला गुलाबाची कॉफी

आश्विन पौर्णिमेची रात्र आमच्या धाराशिव जिल्ह्यात दुहेरी जागराची असते. लक्ष्मी घरोघरी 'को जागर्ति' असे विचारीत फिरते, ही श्रद्धा साऱ्या महाराष्ट्राची. परंतु आमच्याकडे त्याच सुमारास तुळजापुरी आई भवानीही जागी होते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पलंगावर श्रमनिद्रा घेणारी जगदंबा पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. त्या दर्शनासाठी सोलापूरकडून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून भाविकांचे जथे पायी येत राहतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरचे. पहाटेचे दर्शन साधावयाचे तर रात्र चालूनच काढावी लागते.

अशाच एका कोजागरीला आमच्या ओसरीवर टेकलेल्या कानडी मुलखातील एका आजींनी चहाचा पेला हळूच बाजूला सारला आणि कॉफी मिळेल का, असे विचारले. घरात कॉफी होती, ती पाहुण्यांपुरती. तेव्हापासून मात्र पौर्णिमेच्या आटीव दुधाशेजारी आमच्याकडे कॉफीचेही पातेले चढते.

जागरणाशी कॉफीचे नाते तसे पुरातनच. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी तेथून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. त्या झाडाला पांढरी फुले येतात आणि त्यांचा दरवळ थेट जाईजुईची आठवण करून देणारा असतो. फुलाचा सुगंध कॉफीत घालणे म्हणजे तिला तिचेच माहेर दाखविणे होय, असे आम्ही गमतीने म्हणतो. अरब देशांत कॉफीला केशराचा वा गुलाबपाण्याचा संस्कार करण्याची चाल आहेच. आपल्या घरांत रूढ आहे ती जायफळाची कॉफी. पण जायफळाने झोप येते, ही आपल्याच आजीबाईंची शिकवण! जागराच्या रात्री ते डबीतच राहू द्यावे.

फूल कोणते घ्यावे, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परसातील गावठी गुलाब, ज्यावर औषध फवारलेले नाही, तोच वापरावा. बाजारातील हारांचे व गुच्छांचे गुलाब दिसावयास देखणे असतात, परंतु ते खाण्यासाठी पिकविलेले नसतात आणि त्यांवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. देवीला वाहिलेले फूल तर निर्माल्य. त्याला हात लावू नये. कण्हेर पूजेला चालते म्हणून पेल्यात चालेल असे कोणी समजू नये, ती विषारी आहे. घरी गुलाब नसेल तर हळहळू नये. केशर हे फुलातलेच तंतू, आणि लवंग म्हणजे न उमललेली वाळलेली कळीच की!

चार पेल्यांसाठी दीड कप पाणी उकळून खाली उतरवावे. दोन गुलाबांच्या पाकळ्या नीट धुऊन त्यात टाकाव्यात, सोबत एक लवंग, आणि दहा मिनिटे घट्ट झाकण ठेवावे. झाकणाविना सुगंध वाफेबरोबर निघून जातो. पाणी गाळून पुन्हा कढत करावे, त्यात चार चमचे कॉफीची पूड घालून पाच मिनिटे झाकावे आणि फडक्याने गाळावे. कॉफी पडल्यावर उकळी आणू नये, कडवटपणा वाढतो व गुलाब हरवतो. तीन कप कढत दुधात केशराच्या चार काड्या व चवीपुरती साखर घालून वरून हा अर्क ओतावा. पाकळ्या थेट दुधात उकळण्याचा आळशी मार्ग आम्ही पहिल्या वर्षी पत्करला होता. दूध फाटले आणि पाहुण्यांपुढे आमची चांगलीच फजिती झाली. भूमकडच्या कुंथलगिरीचा खवा ज्या जिल्ह्यात नावाजलेला, त्या जिल्ह्यात दूध नासवावे म्हणजे काय!

उपवासाला कॉफी चालते की नाही, हे ज्याच्या त्याच्या कुळाचाराने ठरवावे. लहान मुलांना मसाल्याचे दूधच द्यावे. गर्भवतींनी व ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने बेताने घ्यावी. पायी चालून आलेल्यास तर आधी पाणी द्यावे, बसू द्यावे, मग पेला पुढे करावा. रिकाम्या पोटी कडक कॉफीने जीव कासावीस होतो.

त्या आजी पुन्हा कधी आमच्या ओसरीवर आल्या नाहीत. दुसऱ्या कोणत्या वाटेने जात असतील, किंवा आता चालवत नसेल. पौर्णिमेला परसातले दोन गुलाब आम्ही देवपूजेआधीच खुडून वेगळे ठेवतो, आणि ओसरीवरचा दिवा उजाडेपर्यंत विझवीत नाही.