शेपर ओरिजिन: हात सुताराचा, नेम यंत्राचा

संगणकाच्या हुकमावर लाकूड कापणारी यंत्रं आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांची घडण साधारण सारखीच असते: जड लोखंडी चौकट, तिच्यावर रुळांवरून फिरणारा कटर आणि खाली जखडून ठेवलेला प्लाय. नेमकेपणा येतो तो चौकटीच्या ताठपणातून. त्यामुळे आठ बाय चार फुटांची शीट कापायची तर यंत्र त्याहून मोठं लागतं आणि लाकडालाच यंत्रापर्यंत न्यावं लागतं. शेपर ओरिजिन या दोन मुठींच्या, हातात धरायच्या राऊटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, ही चौकटच काढून टाकली. त्याला नेमकेपणा मिळतो तो बघण्यातून.

लाकडावर काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांच्या नक्षीची चिकटपट्टी लावायची. प्रत्येक ठोकळ्यावरची ठिपक्यांची मांडणी वेगळी असल्यामुळे पट्ट्या वाकड्यातिकड्या लागल्या तरी बिघडत नाही. यंत्र एकदा त्यांच्यावरून फिरवलं की कॅमेरा पृष्ठभागाचा नकाशा तयार करतो. मग संगणकावर काढलेली आकृती पडद्यावर त्या नकाशावर हवी तिथे ठेवायची, बिट, म्हणजे कापणारं फिरतं पातं, खाली उतरवायचं आणि यंत्र रेषेवरून हाताने सरकवायचं. हात थोडा चुकला तर आतल्या मोटारी बिटला तेवढंच उलट सरकवून रेषेवर ठेवतात. हात फारच भरकटला तर बिट आपोआप वर उचललं जातं. म्हणजे ढोबळ चाल माणसाची आणि बारीक दुरुस्ती यंत्राची. ही कल्पना अ‍ॅलेक रिव्हर्स, इलन मोयर आणि फ्रेडो ड्युरँड यांनी २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधून एका शोधनिबंधात मांडली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या शेपर टूल्स कंपनीने तिचं विक्रीचं यंत्र केलं, आणि २०१९ साली ही कंपनी ‘फेस्टूल’ या अवजारांच्या ब्रँडची मालकी असलेल्या जर्मन उद्योगसमूहाकडे गेली.

कामाची ही वाटणी मला या यंत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण ती अपरिहार्य नव्हती. याच एमआयटीत १९५२ साली अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं होतं. मूळ कल्पना हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्स यांची, पैसा अमेरिकी हवाई दलाचा. त्या यंत्राला छिद्रं पाडलेल्या फितीवरून आज्ञा मिळत. त्याच काळात दुसराही एक मार्ग उपलब्ध होता: कुशल कामगाराने यंत्र एकदा स्वतः चालवायचं, त्याच्या हालचाली टेपवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या. तो मार्ग मागे पडला. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ सालच्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या पुस्तकात असं प्रतिपादन केलं की ही निवड निव्वळ तांत्रिक नव्हती. कामावरचं नियंत्रण कामगाराच्या हातून व्यवस्थापनाकडे नेण्याची इच्छा तिच्यामागे होती. त्या युक्तिवादाच्या तपशिलावर वाद घालता येईल. पण यंत्र कोणत्या रीतीने घडवायचं हे कोणीतरी ठरवतं, एवढं तरी त्यातून मान्य करावं लागतं. ओरिजिनच्या पट्टीवर आज्ञा नसतात, फक्त जागेची खूण असते. कधी पुढे जायचं, किती वेगाने जायचं, कुठे थांबायचं हे सरकवणारा ठरवतो.

यावर चोख हातकाम करणारे म्हणतील की रेषा यंत्रच सांभाळणार असेल तर हात उरला तो केवळ ढकलण्यापुरता. आक्षेपात तथ्य आहे. या यंत्रावर दहा वर्षं काम करूनही पटाशीने सरळ खाच घेणं कोणाला येणार नाही. मात्र राऊटरच्या कामात रेषा ही अनेक अडचणींपैकी एकच अडचण असते. लाकडात गाठ आली की आवाज बदलतो, वेग कमी करावा लागतो. फिरत्या बिटच्या ओढीबरोबर सरकवलं तर यंत्र हातातून पुढे पळू बघतं. खोल खाच एका दमात घेतली तर लाकूड जळतं किंवा कड फाटते. कॅमेऱ्याला पट्टी दिसते. सागवानाच्या रेषा कुठे वळल्या आहेत हे मात्र त्याला कळत नाही. हे सगळं ओळखणं माणसाकडेच राहतं.

सर्वांत बोलका पुरावा जोडाच्या कामात मिळतो. कुसू खाचेत घट्ट बसवायची तर जुना सुतार ती मुद्दाम किंचित जाड ठेवतो, लावून बघतो, रंध्याचा एक हात मारतो, पुन्हा बघतो. मोठ्या यंत्रावर असं करायचं तर बहुधा पुन्हा संगणकाकडे जाऊन कापण्याचा मार्ग नव्याने काढावा लागतो. ओरिजिनवर पडद्यावरच रेषेपासूनचं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाने कमी करता येतं आणि त्याच जागी आणखी एक फेरी मारता येते. जडावाचा तुकडा किंवा बिजागरीची खाच याच पद्धतीने बसते. लावून बघण्याची जुनी सवय इथे टिकली आहे. गोल बिटमुळे आतले कोपरे गोलच राहतात, तेव्हा चौकोनी कोपऱ्यासाठी शेवटी पटाशी घ्यावीच लागते.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. सारख्या आकाराचे पन्नास पाय हवे असतील तर प्लायचा फर्मा आणि बेअरिंगचं बिट पुरतं, शिवाय ते स्वस्त पडतं. हे खरंच आहे, आणि अशा कामाला ओरिजिन घेणारा पैसे वाया घालवतो. उठावाचं कोरीवकाम हाही त्याचा प्रांत नाही. फर्मा परवडत नाही तो एकेका कामाला: एकच कुलूप, एकच दरवाजा, एकदाच लागणारा आकार. जिथे लाकूड हलवताच येत नाही तिथे तर मोठ्या यंत्राचा प्रश्नच उद्भवत नाही. बसवलेल्या ओट्यात किंवा जिन्याच्या पायरीत खाच घ्यायची तर यंत्रालाच तिथे जावं लागतं. अरुंद फळीवर पट्टी लावायला जागा नसते, ही मात्र खरी उणीव होती. तिच्यासाठी कंपनीला पुढे फळी धरून ठेवणारं, माथ्यावर नक्षी असलेलं वेगळं बैठं साधन काढावं लागलं.

किमतीपुढे मात्र यातला कोणताही युक्तिवाद टिकत नाही. अडीच हजार डॉलरच्या वर, म्हणजे दोन लाख रुपयांहून जास्त, आणि पट्टी दर कामाला संपणारी. आपल्याकडे घरात येऊन फर्निचर करणाऱ्या सुताराची कामाची रीत या यंत्राला अगदी जुळणारी आहे, पण अख्ख्या फ्लॅटच्या मजुरीतूनही ते फिटणं कठीण. म्हणून आज त्याचं खरं गिऱ्हाईक पाश्चात्य देशांतला हौशी माणूस आणि छोटा वर्कशॉपवाला हेच आहे.