गोड वाइनमध्ये विषारी रसायन: १९८५ च्या घोटाळ्याने ऑस्ट्रियाचे वाइनचे नियम कसे बदलले?

ऑस्ट्रियाच्या दर्जेदार वाइनची बाटली पाहिली, तर झाकणावर लाल-पांढरा-लाल पट्टा दिसतो. हे त्या देशाच्या झेंड्याचे रंग. पट्ट्यावर बाटली भरणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असतो आणि लेबलवर सरकारी तपासणीचा क्रमांक वेगळा. एका वाइनच्या बाटलीसाठी एवढा बंदोबस्त कशाला? त्याचं कारण १९८५ साली घडलं.

ऑस्ट्रिया जगातल्या एकूण वाइनपैकी जेमतेम एक टक्का वाइन बनवतो. त्या काळी त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं शेजारचा पश्चिम जर्मनी, आणि तिथे मागणी होती गोड पण स्वस्त वाइनची. गोम इथेच होती. खरी गोड वाइन स्वस्तात होत नाही. त्यासाठी द्राक्षं वेलीवरच जास्त पिकू द्यावी लागतात. ती सुकतात, रस कमी निघतो आणि मध्येच पाऊस आला तर पीक हातचं जातं. अशा उंची गोड वाइनमध्ये वरून साखर घालायला कायद्याने बंदी.

मग काही व्यापाऱ्यांनी आणि उत्पादकांनी पळवाट काढली. पातळ, आंबट वाइनमध्ये ते डायएथिलीन ग्लायकॉल मिसळू लागले. हे उद्योगात वापरलं जाणारं, चवीला गोडसर आणि विषारी रसायन. त्याने वाइन गोड आणि दाट लागते. शिवाय प्रयोगशाळा या रसायनाची चाचणीच करत नसत, त्यामुळे भेसळ सापडायची नाही.

मुंबईकरांना या रसायनाची वेगळी ओळख आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते ग्लिसरीनमध्ये हेच मिसळलेलं असल्यामुळे. त्या प्रकरणाची चौकशी लेंटिन आयोगाने केली.

ऑस्ट्रियात भेसळ उघड झाली ती व्हिएन्नाच्या सरकारी प्रयोगशाळेत कुणीतरी निनावी माहिती पोहोचवल्यामुळे. जुलै १९८५ मध्ये पश्चिम जर्मनीच्या आरोग्य खात्याने लोकांना सावध केलं आणि दुकानांतून बाटल्या उचलल्या जाऊ लागल्या. तपासात असंही निघालं की काही जर्मन कंपन्यांनी ही स्वस्त वाइन बेकायदा आपल्या वाइनमध्ये मिसळली होती. या वाइनमुळे कुणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही, पण विश्वास मेला. ऑस्ट्रियाची निर्यात साधारण दहाव्या हिश्शावर आली. भेसळ करणारे थोडे होते, पण पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं पिकवणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याचा मालही पडून राहिला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने नवा कायदा केला. सगळ्यात मोठा बदल म्हणजे दर्जा ठरवताना उत्पादकाच्या शब्दावर विसंबणं संपलं. 'क्वालिटेट्सवाइन', म्हणजे दर्जेदार वाइन, असं लिहायचं असेल तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो. तिथे रासायनिक तपासणी होते, मग चव घेणारं अधिकृत मंडळ तो चाखतं. हेक्टरी उत्पादनालाही मर्यादा आली. पुढे ती ९,००० किलो द्राक्षं अशी ठरली. ही अट वरवर साधी वाटते, पण वेलीवर घडांचा भार जास्त झाला की रस फिका होतो आणि फिक्या रसातूनच भेसळीचा मोह सुरू होतो.

नियमांइतकाच फरक उत्पादकांच्या नव्या पिढीने पाडला. स्वस्त गोड वाइनचा धंदा सोडून तिने 'ग्रूनर वेल्टलिनर' या तिथल्याच द्राक्षाच्या कोरड्या, पांढऱ्या वाइनवर भर दिला. २००१ मध्ये निर्यात घोटाळ्याआधीच्या पातळीच्या पुढे गेली. २००२ मध्ये लंडनला लेबल झाकून चव घेण्याची चाचणी झाली, तेव्हा या वाइननी फ्रान्सच्या बर्गंडीतल्या नामवंत पांढऱ्या वाइनना मागे टाकलं. 'वाइनफिअर्टल' या भागाला त्याच वर्षीच्या वाइनपासून डीएसी हा दर्जा मिळाला. म्हणजे ठरलेल्या द्राक्षाची आणि त्या भागाची ओळख सांगणारी चव असेल, तरच वाइनला भागाचं नाव लावता येतं.

पण चवीचा निर्णय मंडळाकडे गेला की एक अडचण येते: वेगळं काही आलं की ते दोष वाटतं. दक्षिणेकडच्या स्टायरियात काही जण न गाळता, जवळपास काहीही न मिसळता वाइन बनवतात. ती गढूळ दिसते, म्हणून चाचणीत नापास होऊ शकते. मग लेबलवर गावाचं नाव नाही आणि झाकणावर पट्टाही नाही. अशा बाटल्या नुसत्या 'वाइन' म्हणून विकल्या जातात, आणि त्यांतल्या काहींना परदेशात पट्टेवाल्या बाटल्यांपेक्षा जास्त भाव मिळतो.