वाळा की गांडूळ? पाठीच्या कण्याचा धडा मुलं इथेच चुकतात

पावसाळ्यात बाथरूममध्ये दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो गांडूळ, दुसरा म्हणतो सापाचं पिल्लू. अनेकदा तो वाळा असतो. पिल्लू नाही, पूर्ण वाढ होऊनही वीतभर न भरणारा बिनविषारी साप. त्याला पाठीचा कणा आहे, गांडुळाच्या अंगात एकही हाड नाही. म्हणजे एक पृष्ठवंशीय, दुसरा अपृष्ठवंशीय.

शाळेत हा धडा बहुतेक वेळा याद्या पाठ करून उरकतो. मग मुलं आपापला नियम बनवतात: कडक तो पृष्ठवंशीय, मऊ तो अपृष्ठवंशीय. इथेच साप चुकतो. इतका वळतो, मग कणा कसा असेल? खरं तर तो वळतो तो कण्यामुळेच. माणूस जन्मतो तेव्हा त्याच्या कण्यात 33 मणके असतात, सापाच्या कण्यात साधारण 200 ते 400. जितके सांधे जास्त, तितकी वळणं जास्त.

त्यामुळे 'कडक आहे का?' यापेक्षा 'आत काय आहे?' हा प्रश्न कामाचा. त्याचं उत्तर मासळीच्या पिशवीत सापडतं. बोंबील हाताला लिबलिबीत लागतो, पण मधोमध काटा असतो. तो पृष्ठवंशीय. खेकडा दगडासारखा कडक, पण सगळा कडकपणा बाहेरच्या कवचात. तो अपृष्ठवंशीय. कोळंबी साफ करताना पाठीतून काळा दोरा निघतो, त्याला मुलं हमखास कणा म्हणतात. ते असतं तिचं आतडं!

शाकाहारी घरात मांजराच्या पाठीवरून हात फिरवला तरी मणके बोटांना लागतात.

कासवाची गंमत वेगळी. कार्टूनमध्ये ते कवच काढून बाहेर येतं, प्रत्यक्षात त्याचा कणा कवचालाच जोडलेला असतो. आणि तारामासा, जेलीफिश? नावात मासा असला तरी दोघांनाही कणा नाही.

आता बाथरूममधला पाहुणा. गांडुळाच्या अंगावर कडी दिसतात आणि ते ओलसर, चिकट असतं. वाळा गुळगुळीत, चकचकीत असतो आणि नीट पाहिलं तर इवलीशी जीभ बाहेर काढतो. साप म्हणून तो उगाच मार खातो. कागदावर घेऊन कुंडीच्या मातीत सोडला तरी पुरे, मुंग्या आणि वाळवीची अंडी हेच त्याचं जेवण.