भिंतीच्या पोटातलं वर्षभराचं धान्य

जुन्या वाड्यात लाकडी कपाट क्वचितच दिसतं. सामान मात्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असायचं: वर्षाची ज्वारी, डाळी, गूळ, लोणच्याच्या बरण्या, लग्नकार्याची मोठी भांडी. हे सगळं मावायचं भिंतीत, जमिनीखाली, तुळईला टांगून आणि छपराखालच्या माळ्यावर. साठवणीची जागा घराचा पाया घेतानाच ठरलेली असे. मला या घरांचं सर्वांत मोठं शहाणपण तेच वाटतं.

त्यातलं थोर उदाहरण म्हणजे बळद. दोन भिंतींच्या मध्ये हातभर पोकळी ठेवायची, ती आतून लिंपून घ्यायची, धान्य वर माडीवरून ओतायचं आणि खाली कोठीच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या भोकातून काढायचं. भोकाला चिंध्यांचा बोळा. बोळा ओढला की सरसर आवाज करत ज्वारी सुपात येते, सूप भरलं की बोळा पुन्हा घट्ट बसवायचा. खालून काढायचं असल्यामुळे तळाचं, आधी भरलेलं धान्य बहुतांशी आधी संपतं. कोपऱ्यांत अडकलेलं तेवढं नव्या पिकाआधी झाडून घ्यावं लागतं.

यात आणखी एक नवल आहे. बळद काठोकाठ भरलेलं असो की अर्धं, भोकातून पडणारी धार जवळजवळ सारखीच राहते. पाण्याच्या टाकीत असं होत नाही. तिथे पातळी उतरली की धार मंदावते. धान्याचे दाणे एकमेकांना आणि भिंतींना घासतात, त्यामुळे वरचा बराचसा भार भिंतीच पेलतात आणि भोकाशी दाब वाढत नाही. वाळूचं घड्याळ चालतं ते याच तत्त्वावर.

आता जागेचा हिशेब करून पाहू. एक घनमीटर पोकळीत साधारण साडेसात क्विंटल ज्वारी मावते. माणशी रोज 400 ग्रॅम धरलं तर पाच माणसांना वर्षाला 730 किलो लागते. म्हणजे एका कुटुंबाचं वर्ष एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि दोन मीटर उंच पोकळीत बसतं, आणि त्यासाठी खोलीतली तसूभरही जागा जात नाही.

पेवाची रीत उलटी. ते जमिनीत खणलेलं, तोंड वर. घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत चुन्यानं लिंपलेली पेवं सापडली आहेत. तोंड बंद केलं की दाणे आणि त्यांतले किडे आतला प्राणवायू हळूहळू वापरून टाकतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड गुदमरते. औषधाची गरज पडत नाही. हीच हवा माणसालाही मारते. म्हणून पेव उघडल्यावर ते काही वेळ मोकळं ठेवायचं, मग दिवा सोडून पाहायचा. ज्योत विझली तर कोणी उतरायचं नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, अशाच पेवांत हळद ठेवत. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच पेवं गेली. ‘पेव फुटणं’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.

उतरंडीतही हिशेब आहे. मोठं मडकं खाली, लहान वर, प्रत्येकाच्या बुडानं खालच्याचं तोंड झाकलेलं; जमीन अडते ती एकाच मडक्याची. पण तळातलं काढायचं तर सगळी उतरंड उतरवावी लागते. म्हणून क्वचित लागणारं खाली, रोजचं वर. दूध-दही शिंक्यावर, कारण तिथे वारा लागतो आणि मांजर पोचत नाही. मुंबईत बीडीडी चाळींच्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतही लोकांनी पोटमाळा घालून उंचीचा असाच उपयोग करून घेतला.

आज घर लावताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते कोनाड्याचं माप. कोनाडा जेमतेम वीत-दीड वीत खोल असतो. त्यात वस्तूंची एकच रांग बसते, एकीमागे दुसरी लपत नाही. कपड्यांच्या कपाटाला दोन फूट खोली हवीच, कारण हँगर आडवा बसला पाहिजे. पण तेच माप स्वयंपाकघराच्या फळ्यांना लावलं की मागचा डबा दिसेनासा होतो, आणि घरात असलेली तूरडाळ पुन्हा विकत आणली जाते.

आमच्या फळ्या करायला सुतार आला तेव्हा मी घरातला सर्वांत मोठा डबा त्याच्यापुढे ठेवला आणि टेप त्याच्यावर लावायला सांगितली. तो नऊ इंच भरला. फळ्या दहा इंचांच्या झाल्या. उरलेल्या जागेत ओट्यापुढे पाट टाकून एक माणूस जेवायला बसू शकतो, आणि सगळे डबे दारातूनच दिसतात.