बंद पडलेली मालिका आणि तिचे आप्त
अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ साली सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका दुसऱ्या वर्षाअखेर बंद होणार, अशी वार्ता पसरताच जॉन व बीजो ट्रिंबल या दाम्पत्याने चाहत्यांना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले, आणि वाहिनीच्या दप्तरी पत्रांचा असा ओघ लागला की १ मार्च १९६८ रोजी, त्या दिवशीचा भाग संपताच, मालिका चालू राहील असे वाहिनीला जाहीर करावे लागले. एका कल्पित यानावरील खलाशांसाठी सामान्य माणसांनी केलेली ही रदबदली मला अत्यंत हृद्य वाटते. कारण दर आठवड्याला नेमल्या वेळी घरात येणारी पात्रे प्रेक्षकाच्या स्नेहमंडळात केव्हा सामील होतात हे त्यालाही उमगत नाही, आणि त्यांची कथा मध्येच खुंटली म्हणजे होणारा विषाद हा खराखुरा वियोगच असतो. परंतु जाहिरातींच्या जमाखर्चात या ममत्वाला रकाना नव्हता. तिसऱ्या वर्षी शुक्रवारी रात्री दहाची, तरुण प्रेक्षकांना सर्वस्वी गैरसोयीची वेळ वाट्याला आली, खर्चालाही कात्री लागली, आणि १९६९ साली ७९ भागांनंतर मालिका बंद झाली. पुढे स्थानिक केंद्रांवरील पुनःप्रक्षेपणांनी तिचा प्रेक्षकवर्ग वाढतच गेला, आणि १९७९ साली तीच पात्रे, त्याच नटांसह, रुपेरी पडद्यावर अवतरली.